गॅलरीच्या टोकापर्यंत

ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, आणि जून २००१ मध्ये उजवा. शस्त्रक्रिया करायला अमेरिकेहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ज्या मंडळींनी आजच्या कृत्रिम गुडघ्याचा साचा घडवला, त्यांच्यापैकी ते एक. पंतप्रधानांच्या गुडघ्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत राहिल्या आणि गुडघा बदलता येतो, बदलून माणूस पुन्हा चालतो, हे गिरगावापासून लालबागपर्यंत घरोघरी पोचलं.

पंचवीस वर्षांत या शस्त्रक्रियेची नवलाई ओसरली. परळ, दादर, गिरगाव इथल्या मोठ्या रुग्णालयांत ती नेमाने होते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत, कर सोडून, ५४,७२० रुपये ठरली. वर्षानुवर्षं तेल चोळून, पट्टे बांधून दिवस ढकलणाऱ्या कितीतरी जणींनी तेव्हा मनावर घेतलं. पण लगाम लागला तो सांध्याच्या किमतीला. तो सांधा घेऊन माणूस ज्या घरी परततो, त्या घराचा विचार कुणी करत नाही. पंतप्रधान परतले ते सरकारी बंगल्यात. लालबागच्या काकू परतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे लिफ्ट नाही आणि संडास गॅलरीच्या टोकाला आहे.

काकूंचं नाव इथे देत नाही. चाळ त्यांना काकू म्हणते, मीही तेच म्हणते. वय सत्तरीच्या आसपास. यजमान गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर घर चाललं ते काकूंच्या पोळपाटावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते ज्या खाणावळवाल्या बायकांसाठी, त्यांच्याच जातकुळीचं काकूंचं काम. पहाटे उठून जमिनीवर एक पाय मुडपून बसायचं, समोर परात, बाजूला स्टोव्ह, आणि डबे भरून होईपर्यंत उठायचं नाही. गुडघे मुडपून, उकिडवं बसून वर्षानुवर्षं केलेली कामं हे सांध्याच्या झिजेचं एक मान्य कारण आहे. वय, वजन आणि बाईपण ही आणखी कारणं आहेतच. गिरणगावातल्या बायकांच्या वाट्याला यातलं बरंचसं एकदम आलं. यंत्रापाशी पाळीभर उभ्या राहणाऱ्या कामगारांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांना जेवू घालणाऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

रुग्णालयात सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधून चालवलं, जिन्याच्या चार पायऱ्या चढवून-उतरवून घेतल्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे पाठ करून घेतलं. तो जिना रुंद होता, दोन्ही बाजूंना कठडे होते. चाळीचा जिना लाकडी, उभा, आणि पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कठडा एकाच बाजूला, तोही वर जाताना डावीकडे. काकूंचा बदललेला गुडघाही डावाच. वर जाताना कठडा आणि दुखरा पाय एका बाजूला येतात, म्हणजे काठी उजव्या हातात हवी. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण जिना कसा आहे हे कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी तो प्रश्न चाळीतल्या गणपती मंडळाच्या पोरांनी सोडवला. हातांची लाकडी खुर्ची आणली, काकूंना बसवलं, चादरीने कमरेला बांधलं, आणि चौघांनी तीन मजले वर नेलं. गणपती उचलायची सवय आहे, काळजी करू नका, असं त्यांतला एक जण म्हणाल्याचं काकू अजून सांगतात. चाळ अशा वेळी जे करते त्याला तोड नाही. पण वर पोचवलेल्या काकू पुढे कित्येक दिवस खाली उतरल्या नाहीत. फिजिओथेरपीसाठी रुग्णालयात या असं कागदावर लिहिलेलं होतं. रुग्णालयात जायचं तर जिना उतरायचा, आणि जिना उतरायची ताकद यायची तर फिजिओथेरपी हवी. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली म्हणून निभावलं. तिची फी मुलाने खिशातून भरली. ज्यांना ते परवडत नाही, त्यांचा पाय पलंगावरच आखडून जातो. असे पाय मी या लेखासाठी फिरताना पाहिले, आणि त्यांतल्या एकाही शस्त्रक्रियेत चूक झालेली नव्हती.

मूळ अडचण संडासाची.

गुडघा किती वाकतो हे अंशांत मोजतात. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५ अंश पुरतात. जिन्याला ८५ ते ९०. खुर्चीतून उठायला ९० ते १००. उकिडवं बसायचं तर १३० च्या पुढे जावं लागतं. चांगल्या झालेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचा गुडघा ११० ते १२० पर्यंत वाकतो, म्हणजे चालणं, जिना, खुर्ची, बस यांची सोय झाली. भारतीय पद्धतीचा संडास मात्र त्या हिशेबाबाहेर राहतो, आणि बहुतेक सर्जन तसं बसू नका असंच सांगतात. जास्त वाकणारे म्हणून खास सांधेही बाजारात आले; आशियातल्या लोकांच्या बैठकीच्या सवयींचं नाव त्यांच्या जाहिरातीत असे. अभ्यासांत त्यांच्यात आणि साध्या सांध्यात मोठा फरक दिसला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे सर्वांत जास्त अवलंबून असतं ते आधी किती वाकत होता यावर. म्हणून सांध्याच्या कंपनीची चौकशी करण्यात घालवलेला वेळ आधीच्या दोन महिन्यांच्या व्यायामात घालवावा, असं मला आता ठामपणे वाटतं.

काकूंच्या घरी पहिले काही दिवस कमोडची खुर्ची होती. प्रिन्सेस स्ट्रीटवर सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, तिथून मुलाने आणली. दहा बाय बाराची खोली, चार माणसं, आणि कोपऱ्यात पडदा लावून ती खुर्ची. खालचं भांडं सून नेऊन ओतायची. सुनेने कधी कपाळाला आठी घातली नाही, हे काकू स्वतः सांगतात. तरीही त्यांनी पाणी पिणं कमी केलं. कमी प्यायलं की कमी वेळा बसावं लागतं. मग बद्धकोष्ठ झालं, भूक गेली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. घरच्यांना वाटलं ऑपरेशनचा अशक्तपणा. फिजिओथेरपिस्टने लघवी दिवसातून किती वेळा होते असं विचारलं तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. लाजेपोटी पाणी तोडणाऱ्या म्हाताऱ्या बायका या शहरात किती असतील याचा अंदाज करवत नाही, पण मी बोलले त्या जवळजवळ प्रत्येक घरात हा विषय कुजबुजत का होईना निघाला.

तेव्हा ठरलं की गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं.

अंतर थोडंच, पण वाटेत काय काय आहे ते मी काकूंच्या मागून चालत पाहिलं. स्वतःच्या खोलीचा उंबरा. शेजारच्या दाराशी पाण्याचं पिंप. दोन खोल्यांपुढची पायपुसणी, त्यांतलं एक वॉकरच्या पायाखाली हमखास गोळा होतं. चपलांचे स्टँड. दोरीवरचे कपडे, त्यांतून टपकणारं पाणी. शेवटी संडासाची एक पायरी, आणि आत उघडणारं दार. वॉकर आत नेला तर दार लागत नाही, बाहेर ठेवला तर आत धरायला काही नाही. नळाची तोटी धरायची नाही, ती उखडते. टॉवेलची दांडीही धरायची नाही, ती माणसाच्या वजनासाठी नसते. भांड्यावर ठेवायचं लोखंडी स्टूल मिळतं, मधे भोक असलेलं, चार पायांना रबरी बूट असलेलं. ते दर वेळी न्यायचं, मांडायचं, हलत नाही ना पाहायचं, वापरून झालं की धुऊन परत आणायचं. वॉकर धरलेल्या बाईला ते नेता येत नाही. म्हणजे मागून स्टूल घेऊन कुणीतरी हवंच. सगळी चाळ दारात बसलेली असताना सून मागून स्टूल घेऊन येते आहे, ही गोष्ट काकूंना गुडघ्याच्या कळेपेक्षा जास्त बोचली.

उपाय निघाला तो साधा होता, पण त्याला वेळ लागला. संडासाच्या भिंतीत स्टीलची पकडदांडी बसवायची आणि स्टूल तिथेच बाहेर भिंतीला अडकवून ठेवायचं. भिंत मात्र काकूंची नव्हे. ती सामाईक, इमारत पागडीची, मालक दुसरीकडे, आणि चाळ पुनर्विकासात जाणार अशी बोलणी अनेक वर्षं चाललेली. जी इमारत पडायचीच आहे तिच्या भिंतीत खर्च कशाला, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याला भोक पाडलं तर लाद्या सुटतील ही भीती. मुंबईच्या बेटावर सुमारे तेरा हजार जुन्या उपकरप्राप्त इमारती आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी अशाच अधांतरी आहेत. त्यांतली माणसं मात्र आज म्हातारी होत आहेत. अखेर काकूंच्या मुलाने पैसे दिले, चाळीच्या कमिटीने संमती दिली, आणि प्लंबरने लादीच्या मागे विटेपर्यंत ड्रिल मारून दांडी पक्की केली. उंची काकूंना प्रत्यक्ष स्टुलावर बसवून, कोपर किती वाकतं ते बघून ठरवली. कुणाच्याही अंदाजाने बसवली असती तर ती वीतभर वर गेली असती.

ज्या दिवशी काकू एकट्या गेल्या आणि एकट्या परत आल्या, त्या दुपारी त्यांनी दोन पेले पाणी प्यायलं. दुपारची वेळ त्यांनीच निवडली होती, कारण तेव्हा रांग नसते. पुढे त्या मजल्यावरचे आणखी दोघे ज्येष्ठ ती दांडी वापरू लागले, न विचारता, न सांगता.

*

जिथे हे सगळं चाललं होतं तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५० मध्ये भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय सुरू झालं. सुरू करणाऱ्या बाई कमला निंबकर. माहेरच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर घराण्यातल्या. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा अमेरिकेला जाऊन या विषयाचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन परळमध्ये वर्ग भरवला. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तिच्याही पहिल्या अध्यक्ष त्याच. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर फलटणला शेतीसंशोधनात रमले आणि सूनबाई जाई निंबकर या इरावती कर्व्यांच्या कन्या, त्यामुळे मराठी वाचकाला निंबकर हे नाव फलटणमुळे माहीत असतं. परळमुळे माहीत असायला हवं, असं मला वाटतं.

फिजिओथेरपिस्ट सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद परत मिळवून देतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा प्रश्न निराळा असतो: हा माणूस आंघोळ कशी करणार, लेंगा कसा चढवणार, चहा कसा करणार? माणसाच्या रोजच्या कामांची एकेक पायरी सुटी करून, जी पायरी जमत नाही तिच्यासाठी हाताची युक्ती, एखादं साधन किंवा घरातला बदल शोधणं हे त्यांचं काम. आज केईएमबरोबर नायर आणि शीवच्या पालिका रुग्णालयांतही हे शिक्षण मिळतं. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे. म्हणजे गिरगाव ते शीव या टापूत या विषयाचे जाणकार देशात इतरत्र क्वचितच असतील इतक्या संख्येने आहेत. तरी मी ज्या घरांत गेले तिथे फिजिओ सगळ्यांना ठाऊक होता आणि ऑक्युपेशनल थेरपी जवळजवळ कुणालाच नाही. गुडघ्याच्या पेशंटला त्या विभागात पाठवलं जात नाही, आणि पाठवलं तरी घर पाहायला कुणी येत नाही. विद्यार्थी आहेत, विभाग आहेत, घरं हाकेच्या अंतरावर आहेत. शस्त्रक्रियेच्या आधी एकदा कुणीतरी येऊन जिना, उंबरा, मोरी आणि संडास पाहून जावं, एवढी व्यवस्था पालिकेला अशक्य नाही. ती व्हावी म्हणून हा लेख लिहिते आहे.

गिरगावात ठाकुरद्वारच्या बाजूला एका आजोबांकडे गेले होते. त्यांचं दुखणं खुब्याचं. गुडघा माणूस तारीख ठरवून बदलतो, खुबा बहुतेकदा पडल्यावर बदलावा लागतो. आजोबा पहाटे मोरीत घसरले, खुबा मोडला, दोन दिवसांत शस्त्रक्रिया. घराची तयारी करायला कुणाला फुरसतच मिळाली नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये कृत्रिम खुबा बसवला, तेव्हापासून हे तंत्र पुष्कळ पुढे गेलं, पण मागच्या बाजूने शस्त्रक्रिया केली असेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांचे निर्बंध बरेचसे तेच आहेत. कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पाय आत वळवायचा नाही. नाहीतर सांधा निखळू शकतो.

कागदावर तीन ओळींत मावणारे हे नियम गिरगावच्या खोलीत काय करतात ते बघा. जमिनीवरची गादी बाद. पाटावरचं जेवण बाद. लोखंडी कॉटही बुटकी, तिच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले. पायाची नखं दुसऱ्याने कापायची. लेंगा चढवायला वाकावं लागतं, म्हणून आजोबांच्या नातीने एका जुन्या काठीला वाकवलेला हँगर घट्ट बांधून दिला. त्या आकड्यात लेंग्याची कड धरून तो खाली सोडायचा, ऑपरेशनचा पाय आधी घालायचा, मग चांगला, आणि काठीनेच वर ओढायचा. काढताना उलट, चांगला पाय आधी. आजोबांनी हे मला कपड्यांवरून दुसरा लेंगा चढवून दाखवलं, कॉटवर ताठ बसून, कपाळावर घाम येईपर्यंत. मधे मुलगा मदतीला पुढे झाला तर त्याला हातानेच थांबवलं. ती नात या विषयातलं काही शिकलेली नाही. कमला निंबकरांच्या विद्यालयात जे शिकवलं जातं ते तिला आजोबांकडे बघून सुचलं.

आंघोळीसाठी मोरीत हातांची प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पायांखाली घसरणार नाही असं रबर, आणि बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे वाकावं लागत नाही. खाली पडलेलं उचलायला स्वयंपाकघरातला लांब चिमटा. टॅक्सीत बसायचं तर सीट मागे सरकवून, आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. या भागात रिक्षा नाहीत, त्यामुळे टॅक्सीची ही कला शिकावीच लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, गिरगावला स्टेशन झालं, आणि स्टेशनांत लिफ्ट आहेत. आजोबा आता मेट्रोने दादरला बहिणीकडे एकटे जातात. पन्नास वर्षं चर्नी रोडच्या पुलाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला लिफ्टने प्लॅटफॉर्मवर उतरणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकावं.

*

घर सोयीचं असलं की माणूस आपोआप स्वतंत्र होतो असंही नाही. दादरला हिंदू कॉलनीतल्या एका प्रशस्त घरी लिफ्ट होती, कमोड होता, बाथरूमला दांड्या होत्या. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, शस्त्रक्रियेला वर्ष होऊन गेलेलं, गुडघा उत्तम वाकत होता, आणि वॉकर अजून हाताशी होता. चहा हातात, पेपर हातात, मोजे पत्नी घालणार, पाण्याचा पेला मागितल्याबरोबर समोर. त्या माउलीचे स्वतःचे गुडघे दुखत होते, तिच्या शस्त्रक्रियेची तारीख मात्र यांचं नीट झाल्यावर बघू म्हणून पुढे गेलेली. आपल्याकडे पुरुषाचं बरं होणं म्हणजे सेवा घेणं आणि बाईचं बरं होणं म्हणजे पुन्हा ओट्याशी उभं राहणं, अशी वाटणी होऊन बसली आहे. दोन्हींत नुकसान आहे. पुरुष परावलंबी राहतो आणि बाई लवकर उठते, सूज असतानाच.

मायेची आणखी एक चूक तर घरोघरी. गुडघा दुखतो म्हणून खाली मऊ उशी सरकवतात. बरं वाटतं, पण पाय अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि मग सरळ होत नाही. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्याच भाराने सरळ होत जातो. काकूंच्या सुनेला हे कळलं तेव्हा तिला वाईट वाटलं, इतके दिवस आपण प्रेमाने नको तेच केलं म्हणून. तिला दोष कोण देणार? रुग्णालयातून निघताना हातात पडतो तो कागद इंग्रजीत असतो.

काकूंचा पलंगावरचा व्यायाम मी बराच वेळ बघत बसले होते. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घालून टाच नितंबाकडे ओढत आणायची, म्हणजे चादर अडकत नाही. दात ओठात रुतवून त्या ती शेवटची दोन बोटं ओढत होत्या. मग पाय सरळ, मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीत दाबायचा, मनात दहा मोजायचे. मग घोटे वर-खाली, वर-खाली, पोटरीत रक्ताची गाठ धरू नये म्हणून. पोटरी एकाएकी सुजली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर शेजारणीला नव्हे, डॉक्टरला फोन करायचा, हे फिजिओथेरपिस्टने भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं.

चहाचं सांगायला हवं. वॉकर दोन्ही हातांनी धरायचा असतो, त्यामुळे ओट्यापाशी केलेला चहा पलंगापर्यंत नेता येत नाही. काकूंना हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी ओट्याशी एक उंच स्टूल आलं आणि चहा तिथेच बसून प्यायची सोय झाली. पोळपाटही ओट्यावर आला. जमिनीवर बसून हजारो पोळ्या लाटलेल्या हातांना उभ्याने लाटताना खांदा लागतो, भाकरी थापताना परात हलते म्हणून खाली ओलं फडकं घालावं लागतं. पहिली भाकरी काठाला चिरली. त्यांनी ती स्वतःच खाल्ली, दुसऱ्या कुणाला दिली नाही.

जमिनीवरची बैठक मात्र गेली. हळदीकुंकवाला सतरंजीवर, भजनाला घोळक्यात, गणपतीच्या आरतीनंतर पानावर बसणं गेलं. खुर्चीवर बसलेली बाई गप्पांच्या गोलाबाहेर पडते, बोलणं तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर चालू राहतं. हे दुःख डॉक्टरांना क्षुल्लक वाटू शकेल, मला वाटत नाही. काकूंच्या चाळीतल्या बायकांनी श्रावणापासून दोन बाकं मांडायला सुरुवात केली, आणि ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत अशाही चार जणी आता त्यावर बसतात.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून १९२० च्या दशकात बांधलेल्या या २०७ इमारती. १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. चाळ गेल्याची हळहळ व्यक्त करणारं लेखन दिवाळी अंकांतून येतं आणि ते मीही आवडीने वाचते. पण वॉकर धरलेल्या बाईच्या मागून गॅलरीतून चालल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. घरातला स्वतःचा संडास आणि चालू असलेली लिफ्ट यांच्या बदल्यात गॅलरीतली सोबत सोडायची वेळ आली, तर म्हाताऱ्या माणसाने सोडावी आणि खंत करू नये. सोबत नव्या मजल्यावरही जमवता येते. फक्त नवी घरं बांधणाऱ्यांनी बाथरूमच्या दाराशी उंबरा घालू नये, दार वॉकर जाईल इतकं रुंद ठेवावं, ते बाहेरच्या बाजूला उघडावं, आणि कमोडजवळची भिंत दांडी पेलेल अशी पक्की बांधावी. हे बांधतानाच केलं तर खर्च नगण्य, आणि मागाहून फोडायला गेलं तर कमिटीपासून प्लंबरपर्यंत सगळ्यांचे पाय धरावे लागतात.

काकूंचा उजवा गुडघा या दिवाळीनंतर बदलायचा आहे. यावेळी त्या आतापासून व्यायाम करत आहेत, दोन्ही पायांचा. जिन्याला दुसऱ्या बाजूने लाकडी कठडा ठोकून घ्यायचं चाललं आहे. सर्जनकडे गेल्या तेव्हा त्यांनी एक्स-रे पुढे करायच्या आधीच सांगितलं: तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना उभा, संडास सामाईक आणि भारतीय, घरापासून नऊ खोल्या सोडून, आत दांडी आहे. आणि हे केसपेपरवर लिहून घ्या, असंही म्हणाल्या. डॉक्टरांनी लिहून घेतलं.